संबंधितांकडून

हिमानी : नाही काकू, केस मिटवायला आले नाही मी.

आशाबाई : मग कायले आली? निरंजन साहेबाची पोरगी लालबागहून निघते, तापी ओलांडते नी जैनाबादले आमच्या दारात येऊन उभी राहते. नी मंगळवारी कोर्टात तारीख आहे. मी शिकलेली नाही, पण एवढं मलेबी जुळवता येते.

हिमानी : मंगळवारी पपा जे झालं तेच सांगणार आहेत. कडूकाकांनी लोखंडी पाईपाने मारलं, जबडा मोडला, तीन दात गेले. त्यात कमी-जास्त काही होणार नाही. माझं काम वेगळं आहे. हा एक कागद काकांना वाचायला द्यायचाय.

आशाबाई : ह्या घरात कागद नको काढू पोरी. हे केळीच्या कटाईवर गेलेत, येतील घटकाभरात. हाती कोयता असते. तू कोणाची कोण हे कळायच्या आत पाणी पी नी नीघ.

हिमानी : मी थांबते.

आशाबाई : भीती नाही वाटत?

हिमानी : वाटते ना. म्हणून तर दाराजवळ बसलेय. पण काकू, त्या दिवशी मिलमध्ये काय झालं ते मला कोणी धड सांगितलंच नाही. मी इंदूरला होते. तिथे पंपाच्या कारखान्यात आहे मी. पंप कसा जोडायचा, कसा चालवायचा, कशाला हात लावायचा नाही, ती पुस्तकं लिहिते. पपांचा जबडा बांधलेला होता तेव्हा विचारलं तर ते वहीत एवढंच लिहायचे, 'चूक माझ्या वाक्याची होती.' आणि मिलच्या रिपोर्टात लिहिलंय, यंत्र अचानक सुरू झाल्याने कामगाराचा मृत्यू झाला. अचानक म्हणजे कसं? यंत्र काय आपणहून सुरू होतं?

आशाबाई : बस मग. नीट बस, टेकून. तुझ्या बापाच्या तोंडून जे निघत नाही ते माझ्या तोंडून ऐक.

हिमानी : सांगा.

आशाबाई : जो गेला तो दगा नी हे एकाच गावचे, रावेरकडचे. दोघांचीबी आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आयांनी नावं अशी ठेवली, एक कडू नी एक दगा, की यमालेबी उचलावंसं वाटू नये. एकाच दिवशी मिलमध्ये लागले, नी अठरा वर्षं एकाच पाळीत राहिले. माझ्या लग्नात दगानं ह्यांची पगडी सांभाळली, नी त्याचं मालूबाईशी लग्न ह्यांनी जमवलं. ती धूलकोटची. पल्पर पाहिलाय का तू?

हिमानी : फोटोत. मोठा हौद असतो, तळाशी पातं. रद्दी कागदाचा लगदा करतं.

आशाबाई : दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा खोल. वरून रद्दीचे गठ्ठे टाकतात, पाणी सोडतात, नी खाली पातं फिरलं की घंट्याभरात सगळा लगदा. आता गठ्ठे तर तारेनं बांधलेले असतात. तारा आधी काढतात, पण एखादी राहून जाते, नी ती पात्याले गुंडाळली की पातं अडते. मग आतलं पाणी काढून टाकायचं, शिडी लावायची, नी एकानं आत उतरून तार कापायची. उतरायचं काम दगाचं. हे वर, बटनापाशी. नी बटनाच्या बाजूले भिंतीवर तुझ्या बापानं लिहिलेली पाटी. वर हिंदीत, खाली मराठीत, कारण अर्धी मिल आपलीच. मी मिलचं तोंड पाहिलं नाही, पण ती पाटी मले पाठ आहे. नंतर हे दिवसभर तेच म्हणत बसायचे. म्हणून दाखवू?

हिमानी : म्हणा.

आशाबाई : 'अडकलेली तार काढण्यासाठी पल्परमध्ये प्रवेश करण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित करण्यात आल्याची तसेच काम पूर्ण झाल्यानंतर आत कोणीही नसल्याची खातरजमा संबंधितांकडून करून घेऊन त्यानंतरच यंत्र पूर्ववत सुरू करण्यात यावे.'

हिमानी : बाप रे. सगळं एकाच वाक्यात.

आशाबाई : तू पुस्तकं लिहितेस ना? सांग मग. संबंधित म्हणजे कोण?

हिमानी : कोणीही. म्हणजे कोणीच नाही.

आशाबाई : त्या दिवशी बिजलीवाला आला. त्यानं बिजली तोडली. दगा उतरला, तार कापली, वर आला, नळावर हात धुतले. हात धुताना ह्यांनी त्याले डोळ्यांनी पाहिलं. बिजलीवाल्यानं बिजली जोडली, चिठ्ठीवर 'खातरजमा केली' लिहून सही केली, नी चिठ्ठी ह्यांच्या हाती देऊन गेला. इकडं ऑफिसातून फोन. पुढची मशीन लगद्यावाचून उभी आहे, पाटीप्रमाणे सगळं झालं का? ह्यांनी चिठ्ठी पाहिली. पाटीवर खातरजमा, चिठ्ठीवर खातरजमा. ह्यांले वाटलं, बिजलीचीबी झाली नी आत कोणी नसल्याचीबी झाली. त्या माणसानं तर फक्त बिजलीचं पाहिलं होतं. आत वाकून बघायचं काम आपलं, असं त्याले कोणी सांगितलं होतं?

हिमानी : दोन कामं आणि सही एक.

आशाबाई : नी दगाले तारेचा एक तुकडा राहिल्याचं आठवलं. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून कोणाले न सांगता परत उतरला.

हिमानी : काकू, बटन कोणी दाबलं?

आशाबाई : मी सांगते, पण तू लिहून घेऊ नको. ह्यांनी. ह्यांनीच दाबलं. आवाज आला म्हणे, तार अडकल्यावर येते तसा. ह्यांले वाटलं, अजून एखादी तार राहिली. बंद करून वाकून पाहिलं. लगदा पांढरा असते ना, पोरी. तो लाल होऊन राह्यला होता. आधी एक बूट वर आला. ह्यांनी शिडीबी शोधली नाही, वरूनच उडी घातली. काखेत हात घालून ओढलं तर कमरेखालचं काही संगं आलं नाही. नी तो जिता होता. डोळे उघडे. ह्यांच्याकडं पाहून म्हणाला, 'कडू, मी आत होतो ना.' रागानं नाही. कसं, आपण रांगेत असताना कोणी मधी घुसलं तर म्हणतो, तसं. तेवढंच बोलला.

हिमानी : हे रिपोर्टात नाही.

आशाबाई : कसं असेल? बटन दाबणाऱ्याचं नाव घेतलं की पुढं विचारावं लागते, त्यानं का दाबलं. मग पाटी येते, फोन येते. त्यापरिस यंत्र अचानक सुरू झालं म्हटलेलं बरं. कोणाचंच नाव नको. ह्यांलेबी सांगितलं गेलं की तू तोंड उघडू नको, तुझंच भलं आहे.

हिमानी : त्या रिपोर्टावर पपांचीपण सही आहे. मी पाहिलीय.

आशाबाई : असेलच. मग अकरा दिवस हे घरात होते, पण माणसात नव्हते. ताट पुढं केलं की भिंतीवर. मी एकदा म्हटलं, तुमची चूक नाही, तर असा हात फिरवला की हा बघ, इथला दात गेला. एकवीस वर्षांत कधी बोट लावलं नव्हतं. मी रडले नाही, पण ते पाहत राहिले माझ्या तोंडातल्या रक्ताकडं. नी मग उठले, वरवंटा घेतला, बटन दाबलेला उजवा हात उंबऱ्यावर ठेवला नी दुसऱ्यानं ठेचला. तीन घाव घातले तोवर मी पोचले. ती दोन बोटं आता वाकत नाहीत. बाराव्याले मालूबाईनं तो रिपोर्ट कोणाकडून तरी वाचवून घेतला, नी सगळ्यांत बसून म्हणाली, बघा, यंत्रच अचानक सुरू झालं, माझं नशीब. हे पुढ्यातल्या पानावरून उठले. पुढचं तुमच्या घरी झालं, ते तुले ठाऊक.

हिमानी : आईने सांगितलं. दुपारची वेळ, पपा फाटकातून स्कूटर बाहेर काढत होते. काकांनी खिशातून पाटीची नक्कल काढली, पपांच्या छातीवर दाबली आणि म्हणाले, वाचा. पपांनी वाचली. मग विचारलं, संबंधित कोण? पपा म्हणाले, ते त्या त्या परिस्थितीवर अवलंबून असतं. तेव्हा पहिला पाईप बसला. मग प्रत्येक फटक्याच्या आधी तोच सवाल. आई मध्ये पडली तर तिच्या मनगटाचं हाड गेलं. चौथ्या-पाचव्या फटक्यानंतर पपांचं तोंडच राहिलं नव्हतं बोलायला, दात फाटकापाशी पडले होते. तरी काका वाकून विचारत होते, संबंधित कोण? शेजाऱ्यांनी ओढून काढलं.

आशाबाई : तुझ्या आईचं मनगट मले ठाऊक नव्हतं.

हिमानी : फिर्यादीत नाही ते. आईने लिहू दिलं नाही.

आशाबाई : जमानतीवर सुटून आले तर लोकांनी पुलाच्या तोंडाशी हार घातला. साहेबाचं थोबाड फोडणारा म्हणून. नी राखीले मालूबाई धूलकोटहून आली. माझ्या माणसासाठी सख्खा भाऊ करणार नाही ते तू केलं, म्हणाली, नी राखी बांधली. तीबी उजव्या हाताले. हे हात पुढं करून बसून राहिले. मी तिथंच उभी होते, हाती दिवा घेऊन, नी गप्प राहिले. ते गप्प राहणं मले पाईपापरिस जड झालंय.

हिमानी : पपांना मार का बसला हे मला आज कळलं. मतलब, पूर्ण कळलं.

आशाबाई : आता तुझं सांग. कागद कसला?

हिमानी : पपांचा जबडा सहा आठवडे बांधून ठेवला होता. बोलणं बंद, सगळं वहीत लिहून. पहिल्या दिवशी त्यांनी आईला लिहून दाखवलं, 'पाणी उपलब्ध करून देण्यात यावे.' मिलमध्ये नियम लिहायची तीस वर्षांची सवय. ते वाचून आईला रडू आलं. पपांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'पाणी दे.' त्यानंतर तसंच. 'खिडकी लाव. तू लाव, हिमानीला उठवू नकोस.' कोण, काय, कधी. एक दिवस त्यांनीच लिहिलेली मिलची सगळी जुनी सूचनांची पुस्तकं मागवली आणि पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसले. कोणी सांगितलं नव्हतं. पल्परची पाटी सगळ्यात आधी लिहिली. सोमवारी पल्पर परत सुरू होतोय, काकू. बटनावर नवा माणूस आहे आणि भिंतीवर जुनीच पाटी. मॅनेजर म्हणतात, नवी भाषा फार साधी आहे, मिलला शोभत नाही. पपा म्हणतात, कडूने वाचून बरोबर म्हटलं तर मी स्वतः जाऊन ठोकेन, मग मला काढून टाका.

(कडू दारात येतो. हातात कोयता.)

कडू : कोण आहे ही?

आशाबाई : आधी तो कोयता खाली ठेवा.

कडू : कोण आहे विचारलं.

हिमानी : हिमानी. निरंजन साहेबांची मुलगी.

कडू : ऊठ.

आशाबाई : अहो, लेकरू आहे.

कडू : ऊठ म्हटलं. बापाचं उरलेलं तोंड वाचवायले आली का? का इथंच काही मागं ठेवून जाते?

हिमानी : एक कागद आहे काका. वाचा, मग जाते.

कडू : मागच्या खेपेले कागद मी आणला होता नी तुझ्या बापाले म्हटलं, वाच. पुढं काय झालं, ठाऊक आहे ना?

हिमानी : ठाऊक आहे. या खेपेला मी आणलाय. तुम्ही वाचा आणि मला विचारा. उत्तर आलं नाही तर तुमच्या हातात कोयता आहेच.

कडू : मले शिकवून राह्यली.

आशाबाई : अहो. अहो, चौकट फुटली. पोरीच्या कानाशी किती जागा उरली होती ते बघा तरी. दोन बोटं. काढा तो कोयता लाकडातून नी द्या माझ्याकडं. द्या म्हणते ना.

हिमानी : मला लागलं नाही काकू. कागद घ्या काका.

कडू : हे तुझ्या बापानं लिहिलं?

हिमानी : हो. घ्या.

कडू : आण. 'आत उतरण्याआधी स्विचची चावी काढा.' कोणी काढायची?

हिमानी : जो आत उतरेल त्याने.

कडू : तर तसं लिही. 'जो आत उतरेल त्यानं चावी काढायची.' साहेबानं पुन्हा माणूस गाळला. 'चावी खिशात ठेवा.' कोणाच्या?

हिमानी : त्याच्याच. मी लिहिते, 'त्याने ती आपल्या खिशात ठेवायची.'

कडू : 'आत कोणी नाही हे पाहा.' हे खोटं आहे.

हिमानी : खोटं कसं?

कडू : तुझा बाप बटनापाशी कधी उभा राहिला आहे का? तिथून हौदाचा तळ दिसत नाही. काठ दिसते फक्त. पाहा म्हटलं तर माणूस जागेवरून पाहते, नी त्याले काही दिसत नाही, नी तो म्हणते कोणी नाही. लिही, 'हौदाच्या काठापर्यंत चालत जा. वाकून पाहा. आत उतरलेल्याचं नाव घेऊन हाक मार.' नाव घेऊन. कोणी आहे का, असं नाही. कोणी आहे का म्हटलं तर कामातला माणूस ओ देत नाही.

हिमानी : लिहिलं. आणि ओ आली नाही तर?

कडू : तरी बटनाले हात लावायचा नाही. जो उतरला तो समोर दिसला पाहिजे. चावी त्याच्याच हातून घ्यायची. बिजलीवाल्याच्या हातून नाही, मोठ्या साहेबाच्या हातून नाही. नी चिठ्ठी म्हणजे चावी नाही. हेबी लिही.

हिमानी : आणि ऑफिसातून फोन आला तर?

कडू : वाजू दे. तेच लिही. 'फोन वाजला तर वाजू दे.'

हिमानी : मॅनेजरला हे वाक्य मुळीच शोभणार नाही.

कडू : बटनावर मॅनेजर उभा राहते का? खाली काय लिहिलंय हे? बारीक अक्षरात.

हिमानी : ते पाटीसाठी नाही. ते पपांनी तुमच्यासाठी लिहिलंय.

कडू : 'जुनी पाटी मी लिहिली. लिहून झाल्यावर ती एकाही कामगाराला वाचून दाखवली नाही. रिपोर्ट खोटा आहे हे मला ठाऊक होतं. मी सही केली. निरंजन.'

आशाबाई : बसा. खाली बसा.

कडू : पोरी, तो रिपोर्ट पुन्हा लिहायचा झाला तर कसा लिहितात?

हिमानी : कोणी काय केलं ते आधी सांगायचं. मग लिहिणं सोपं असतं.

कडू : हिनं सांगितलं असेल तुले.

हिमानी : सांगितलं. पण तुम्ही सांगा.

कडू : लिही मग. बटन कडूनं दाबलं. दगा आत होता. कडूनं हाक मारली नाही.

हिमानी : लिहिलं.

कडू : वाच.

हिमानी : 'बटन कडूने दाबलं. दगा आत होता. कडूने हाक मारली नाही.'

कडू : खाली लिही. निरंजन साहेबाले कडूनं पाईपानं मारलं. वकील म्हणते, धक्काबुक्कीत साहेब पडले, त्यांना लागलं, असं म्हणा. मंगळवारी मी हे म्हणीन, जे तू लिहिलं ते.

आशाबाई : त्यांच्या बायकोचं मनगटबी मोडलं. तेबी घाला त्यात.

कडू : मनगट?

हिमानी : आई मध्ये पडली होती.

कडू : मले दिसली नाही ती.

हिमानी : तुम्हाला तेव्हा काहीच दिसत नव्हतं काका.

कडू : लिही तेबी. माझ्या नावानं लिही.

हिमानी : शिक्षा होईल तुम्हाला. पपांनी माफ केलं तरी होईल.

कडू : होईल ना. पाटी सोमवारच्या आत लागली पाहिजे. साहेबानं ठोकायची म्हटलं ना? तर त्यानंच ठोकायची, नी ठोकून झाल्यावर बटनापाशी उभं राहून मोठ्यानं वाचायची. नवा माणूस ऐकून घेईल नी उलटं विचारेल. तोवर बटनाले हात नाही.

हिमानी : सांगते पपांना. आता लिहिलेला हा दुसरा कागद मालूबाईंना द्यायचा का? मी धूलकोटला नेऊन देऊ शकते.

कडू : तिले वाचता येत नाही. कोणाकडून तरी वाचवून घेईल, नी तो मधलेच चार शब्द गाळेल. मी जातो.

आशाबाई : तिचे भाऊ आहेत तिथं. त्यातल्या गोटूनं मागच्या साली शेताच्या बांधावरून एका माणसाचा पाय तोडला. तुम्हाले तर केळीच्या खोडासारखं उभं चिरतील.

कडू : चिरतील.

आशाबाई : राखी बांधली आहे तिनं तुमच्या हाताले.

कडू : म्हणून तर आजच जातो. कोर्टात सांगितलं नी मग तिच्या कानावर गेलं, असं नको.

हिमानी : मी संगं येऊ काका?

कडू : तू पाटी घेऊन जा. नी चौकटीची ढलपी लागून कानाले रक्त आलंय तुझ्या, तो धुऊन घे जाताना.

आशाबाई : थांबा जरा. असे जाऊ नका, सदऱ्याले सगळा केळीचा चीक लागलाय. बदला तो. तोवर मी चपला घालते, मीबी येते.